कर्कश घराणं

"टेलिकॉम कन्सल्टंट म्हणजे नक्की काय करतोस रे?" प्रत्येक लग्नात एक तरी काका जिलबी मोडता मोडता विचारतात. मी सांगायला तोंड उघडलं, की मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणतात, "ते राहू दे. आमच्या बेडरूममध्ये रेंज का येत नाही ते सांग." भिंत जाड आहे, एवढंच उत्तर. कंपन्यांना हेच मी चाळीस स्लाइड्समध्ये सांगतो, म्हणून घर चालतं.

माझं शिक्षण मात्र स्लाइड्सवर झालं नाही. ते झालं कर्कश घराण्यात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मी अकरा वर्षांचा असताना, बाबांनी डीबी स्पेक्ट्रम आणला. सिंक्लेअरचा हा कॉम्प्युटर आपल्याकडे परवाना घेऊन बनवणाऱ्या कंपनीचं नावच डेसिबेल्स! पुढे कानांचं काय होणार, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. मेमरी ४८ केबी. आज आत्याकडून रोज येणारं 'सुप्रभात'चं गुलाबाचं फूल त्यात मावणार नाही.

प्रोग्रॅम कॅसेटवर असायचे. टेपरेकॉर्डर जोडायचा, 'जे' दाबलं की टीव्हीवर 'लोड' उमटायचं, मग दोन अवतरणचिन्हं आणि एंटर. पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागत आणि चार-पाच मिनिटं अखंड किंचाळी चाले. या गायकीत स्वर दोनच. एक शून्य आणि दुसरा त्याच्या दुप्पट लांबीचा एक. शेवटच्या अर्ध्या मिनिटात टेप अडखळली, की पडद्यावर शांतपणे निकाल लागे: 'टेप लोडिंग एरर'. पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय म्हणजे टेपच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू. तबलजी हातोडीने तबला जुळवतो, तसा मी स्क्रू किंचित फिरवून किंचाळी जुळवत असे. माझे प्रोग्रॅम चालू लागले, पण बाबांच्या नाट्यगीतांना सर्दी झाली. कोरी कॅसेट मिळेना म्हणून एकदा मी माझा प्रोग्रॅम त्यांच्याच कॅसेटवर साठवला. संध्याकाळी बाबा चहा घेऊन बसले. पद रंगात आलं आणि मध्येच माझा प्रोग्रॅम सुरू झाला. मी दाराआड. बाबांनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "तानेत दम आहे. समेवर मात्र येत नाही."

१५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं झालं आणि तीनेक वर्षांत आमच्या घरी मोडेम आला. त्याने पहिला सूर लावताच बाबा आतून ओरडले, "अरे, हे तर तुझंच घराणं!" मोडेमचं जुळणं म्हणजे याद्यांची बैठक. पलीकडचा विचारणार, किती वेगाने बोलाल? आम्ही ३३.६ म्हणायचो, लाइनीतली खरखर मध्ये पडायची आणि बोलणी २८.८ वर मिटायची. मिटली की आई स्वयंपाकघरातला दुसरा फोन उचलायची. लग्न मोडलं! दोन कॉम्प्युटरपेक्षा त्यांच्यामधल्या तारेतच खरं नाटक आहे, हे तेव्हा पटलं आणि मी टेलिकॉमला लागलो.

नोकरीबरोबर मोबाइल आला. तो बाबांच्या रेडिओशेजारी ठेवला, की घंटी वाजण्याआधीच रेडिओतून 'टिरिक-टिरिक' सुरू व्हायचं. जीएसएम फोन सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ ठोके देतो आणि ते रेडिओ पकडतो. बाबा म्हणायचे, "घे, तबलजी आला."

आता फायबर आलं. पट्टे नाहीत, किंचाळी नाही, स्क्रू तर नाहीच. घराणं बुडालं म्हणून मी हळहळत होतो, तेव्हा बाबांना एक गंमत सांगितली. मोबाइलवर समोरचा गप्प झाला, की त्याचा फोन पाठवणं जवळजवळ थांबवतो. पण कानात निव्वळ शांतता आली, तर माणसाला फोन कटला असं वाटतं आणि तो 'हॅलो, हॅलो' करत सुटतो. म्हणून आपला फोन स्वतःच हलकीशी खरखर तयार करून कानात सोडतो. कोणी बोलत नसलं तरी मागे काहीतरी चालू राहतं.

बाबांनी मान डोलावली. "म्हणजे तानपुरा."

या विषयावर माझ्या चाळीस स्लाइड्स आहेत. बाबांनी तो एका शब्दात मिटवला, आणि वर फीसुद्धा मागितली नाही.