हौशी लीगमध्ये भारी बॉलर कसा बसवावा : नवशिक्या आयोजकांसाठी

कापूस घरात आला, संत्र्याचा आंबिया बहार ट्रकमध्ये भरून गेला, की लोधीखेड्याच्या आसपासची रिकामी वावरं आठ-आठ ओव्हरच्या मॅचेसना मोकळी होतात. यंदा आपणही एक लीग भरवावी असं तुमच्या मनात आलं असेल, तर अभिनंदन. मंडप, लाउडस्पीकर, ट्रॉफी ही कामं वर्गणीतून होतात. वर्गणीतून न सुटणारं दुखणं एकच. कुठल्यातरी टीममध्ये असा एक पोट्टा निघतो, ज्याच्या बॉलला कुणाची बॅटच लागत नाही. त्याला घेतलं तर बाकीच्या टीमा म्हणतात, "मंग त्यालेच ट्रॉफी देऊन द्या ना भाऊ." काढलं तर त्याची टीम मैदानातच बसून घेते. या दोन्ही आपत्तींतून लीग सुखरूप बाहेर काढायची रीत पुढे दिली आहे.

लागणारं साहित्य

टेनिस बॉल, मोजून घेतलेत त्याच्या दुप्पट. निम्मे बागेत जातात. संत्र्याचे दोन रिकामे क्रेट, बॉलरच्या टोकाला स्टंप म्हणून. स्कोररची वही आणि तिला सुतळीने बांधलेला पेन. अंपायर आणायची गरज नाही, तो बॅटिंगवाल्या टीमचाच असतो. त्याला वाइड बॉल लगेच दिसतो आणि रनआउट फार उशिरा. शेवटची वस्तू मात्र उसनी मिळत नाही : ज्यांचा शब्द दोन्हीकडची पोरं ऐकतील असे एक काका.

पायरी 1 : भारी बॉलर ओळखा

रनअप लांब, केस लांब, शर्टाची कॉलर वर, या खुणांवर जाऊ नका. असे पुष्कळ असतात आणि त्यांना सिक्सही पुष्कळ बसतात. भारी बॉलर बहुधा चार पावलांवरून येतो, काही बोलत नाही आणि बॉल बरोबर बुटावर टाकतो.

"हा सावनेरले लेदर खेळते, याले खेळू देऊ नका," अशी तक्रार पहिल्याच दिवशी येईल. शांतपणे ऐका. लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो, लॉन टेनिसचा साधा बॉल साठाच्या आतला. शिवणीवर बॉल वळवायला शिकलेल्याच्या हातात शिवणच उरली नाही, की पहिली ओव्हर त्याची त्यालाच सापडत नाही. उलटा प्रवास मात्र मोठा होऊ शकतो. सावनेर तालुक्यातल्याच वलनीच्या कोळसाखाण वसाहतीतला उमेश यादव टेनिस बॉलवर वाढला. 2008 मध्ये तो विदर्भाकडून रणजीत उतरला, तोही मध्य प्रदेशाविरुद्ध, आणि 2011 मध्ये कसोटी खेळला. तेव्हा पोस्टरवर 'लेदर खेळाडूंना बंदी' असं छापण्याआधी विचार करा : तुम्हाला ज्याची भीती वाटायला हवी, तो कदाचित अजून लेदर खेळलेलाच नाही.

पायरी 2 : तो कुठला आहे ते ठरवा

'एक गाव, एक टीम, आधार कार्ड आवश्यक' ही ओळ पोस्टरवर हवीच, तिच्याशिवाय स्पर्धेला वजन येत नाही. पण तिचा उपयोग किती होईल याची आशा बेताने धरा. आपला पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा झाला ऑक्टोबर 2023 मध्ये. ज्याने त्यानंतर कार्डात दुरुस्ती केली नाही, तो कागदावर अजून छिंदवाड्याचाच. त्याला परका ठरवायचं, तर निम्मी टीम परकी निघेल.

दुसरा पेच भाच्याचा. सीमेपलीकडे महाराष्ट्रात केळवद, सावनेर. अलीकडे मध्य प्रदेशात लोधीखेडा, सौंसर. सोयरिकींनी सीमा कधी पाहिली नाही. त्यामुळे तिकडच्या प्रत्येक चांगल्या बॉलरला इकडे एक मामा असतो, आणि लीगच्या आठवड्यात मामाची आठवण अनावर होते. "बाहेरचा कसा? मामाकडे आला आहे," या युक्तिवादावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. तुम्हीही शोधू नका. प्रत्येक टीमला एक भाचा माफ करा.

आणखी नियम छापायचा मोह आवरा. छापील सूचनेने सवय मोडत नाही, हे आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. पांढुर्ण्याच्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या मेळ्यात, दगडांऐवजी प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले होते. लोक पुन्हा दगडांवरच आले.

पायरी 3 : त्याच्यावर भार टाका

भारी गड्याला थोडं अडवून बाकीच्यांशी बरोबरीला आणायचं, याला हँडिकॅप म्हणतात. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. क्रिकेटमध्ये त्याचे प्रकार पुढीलप्रमाणे.

*माणसं वाढवणे.* इंग्लंडात विल्यम क्लार्कने 1846 मध्ये ऑल इंग्लंड इलेव्हन काढली. गावोगाव फिरून हे अकरा नामवंत स्थानिकांच्या बावीस-बावीस जणांशी खेळत. आपल्याकडे हा प्रकार आपोआप घडतो. प्रेक्षकांतून दोघेतिघे फिल्डिंगला कधी उतरले, हे अंपायरलाही कळत नाही.

*रनअप कापणे.* "उभ्यानं टाक" असं सांगायचं. धोका असा की उभ्याने टाकायला लावलेला पोरगा हळूहळू फेकी टाकायला लागतो, आणि मग भांडण हँडिकॅपचं न राहता कोपराचं होतं.

*ओव्हर कापणे.* सगळ्यांना दोन, त्याला एक. सोपं आहे, आणि म्हणूनच अन्यायाचं. चांगलं टाकण्याची शिक्षा म्हणून त्याने उरलेला वेळ बाउंड्रीवर उभं राहायचं.

*रन आगाऊ देणे.* हिशेब जमत असेल तर हाच घ्या. अमेरिकेतल्या टेनपिन बोलिंगच्या बऱ्याच हौशी लीग यावर चालतात. समजा पाया 200 पिनांचा आणि टक्केवारी 90. ज्याची सरासरी 140, त्याचा फरक 60, म्हणून त्याला 54 पिना फुकट, झाले 194. ज्याची सरासरी 170, त्याला 27, झाले 197. तीन पिनांनी का होईना, चांगला खेळणारा पुढेच राहतो. शंभर टक्के लावले तर दोघंही दोनशेवर येतील आणि शिकण्यात काही अर्थच उरणार नाही.

आता हेच आपल्या वावरात आणा. लीगमध्ये ओव्हरला साधारण दहा रन जातात, आपला पोट्टा पाचच देतो. दोन ओव्हरमध्ये तो दहा वाचवतो. त्याचे नव्वद टक्के म्हणजे नऊ. मॅच सुरू होण्याआधी समोरच्या टीमच्या नावावर नऊ रन लिहा. पोट्टा पूर्ण वेगाने, पूर्ण दोन ओव्हर टाकेल आणि लाउडस्पीकरवरचा कॉमेंटेटर स्कोर शून्याऐवजी नऊवरून सुरू करेल. पहिल्या मॅचला लोक हसतील. दुसऱ्या मॅचला प्रत्येक कॅप्टन तुमच्या टेबलाशी येऊन आपल्या शत्रूचा बॉलर किती भयंकर आहे हे पटवू लागेल.

पायरी 4 : वही वाचा

सरासरीवर रन मिळतात म्हटल्यावर मुद्दाम सरासरी बिघडवणारे तयार होतात. लीगच्या साध्या मॅचमध्ये मार खायचा, हँडिकॅप उतरवून घ्यायचा आणि सेमीफायनलला खरा हात दाखवायचा. असा इसम मैदानावर पकडता येत नाही. तिथे तो कपाळावर हात मारून घेतो, आकाशाकडे बघतो, बॉल ओला असल्याचं सांगतो. तो वहीत सापडतो. एका ओव्हरमध्ये चार वाइड, चारही ऑफला, चारही सारख्याच अंतरावरून. त्यानंतर सहाही बॉल फुलटॉस, सगळे कमरेइतके. ज्याला इतकं नेमकं चुकता येतं, त्याला नेमकं टाकताही येतं.

लीगचा खरा चोर हा. सरळ येऊन यॉर्कर टाकणारा पोट्टा आपलं बळ सगळ्यांसमोर मांडतो, त्याचा हिशेब लावता येतो. लपवलेल्या बळाला हिशेब नाही. यावर उपाय एकच : हँडिकॅप फक्त वाढू शकतो, घटू शकत नाही, असं काकांच्या तोंडून पहिल्याच दिवशी जाहीर करा. नऊ लागले की स्पर्धा संपेपर्यंत नऊ.

पायरी 5 : कच्च्या लिंबूची सोय करा

प्रत्येक टीममध्ये अकरावा गडी म्हणून एखादे दुकानदार किंवा मास्तर असतात. पॅड नाही, हेल्मेट नाही, पायात चप्पल. भारी बॉलरसमोर ते आले की सगळे ओरडतात, "हळू टाक बे!" तो हळू टाकतो. आणि इथे नवशिक्या आयोजक हमखास चुकतो, कारण त्याला वाटतं, मास्तर खूश झाले.

मास्तरांना विचारा. पोरासारखं वागवलेलं त्यांना आवडलेलं नसतं. त्या पोट्ट्याचा खरा बॉल बॅटीला लागला, असं वर्षभर चहाच्या टपरीवर सांगायला मिळावं म्हणून ते आले होते. त्यांना नकोय ते एवढंच, की घरून निघून, दोन तास उन्हात बसून, पहिल्याच बॉलवर स्टंपकडे वळून बघायचं.

म्हणून गल्लीतला जुना ट्रायल बॉल बाहेर काढा. भारी बॉलरसमोर येणाऱ्या प्रत्येक नव्या बॅट्समनला पहिला बॉल ट्रायल : आउट नाही, रन नाही, पण वेग पूर्ण. दुसऱ्या बॉलपासून ज्याचं त्याचं नशीब. बॉलरचं काही कापलं गेलं नाही, आणि मास्तरांना निदान दोन बॉलचा डाव मिळाला.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची उत्तरं

*"इतकं करूनही तोच जिंकतो."* जिंकू द्या. नव्वद टक्के त्यासाठीच ठेवले होते.

*"आमच्याकडे असा बॉलर नाही, हा आमचा दोष आहे का?"* नाही. म्हणून नऊ रन दिले. पुढच्या वर्षीपर्यंत तुमच्यातला एखादा यॉर्कर शिकला, तर ते तुम्हाला द्यावे लागतील. तेव्हाही हाच प्रश्न घेऊन या.

*"भाच्याऐवजी जावई चालेल का?"* चालेल, पण एका टीमला एकच नातं.

*"लीग बरोबर झाली, हे कशावरून ओळखायचं?"* फायनलवरून ओळखू नका, ट्रॉफी कुणाच्या तरी घरी जाणारच. पुढच्या वर्षी नोंदणी उघडली की पहिल्याच फेरीत हरलेल्या टीमांची नावं यादीत शोधा. ती पुन्हा फी भरून आली असतील, तर तुमचा हँडिकॅप बरोबर होता. फक्त जिंकलेली टीमच आली असेल, तर ट्रॉफी तिला घरपोच पाठवा आणि वर्गणी परत करा.