आधी कोपरा, मग पिल्लू

पट्टा आणला, घुंगरू आणलं, नाव ठरलं, फोटोही टाकून झाला. पिल्लाला निजायला कोपरा? तो राहिला. कुत्रं पाळायची आपली तयारी अशी शेंड्याकडून बुडख्याकडे चालते.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. डोळे उघडले की उचललं, ही घाई त्याच्या जिवावर बेतते. आणताना आईच्या अंगाखालच्या गोणपाटाचा तुकडा मागून घ्या. पहिल्या रात्री कुईंकुईं करत ते त्यातच नाक खुपसतं आणि निजतं.

मग घरात एकदा रांगा. खरंच रांगा. चार्जरची लोंबती वायर, पलंगाखाली उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या, दाराआडचा फवारणीचा डबा, सगळं पिल्लाच्या तोंडाशी आहे. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असणारच. त्याला कुलूप लावा.

उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यातल्या पाथरीत पारा चाळिशी सहज ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतं. तापल्या पत्र्याखाली साखळीने बांधलेलं पिल्लू दुपार कशी काढणार? कोपरा सावलीचा, वाऱ्याचा हवा आणि पाण्याचं भांडं जड, न कलंडणारं. सायबेरियाच्या बर्फातला हस्की मराठवाड्यात आणणं हा शौक नाही, छळ आहे. आपल्या उन्हाला सरावलेलं गावठी पिल्लू घ्या.

उरलेलं कालवण त्याच्या पुढ्यात ओतू नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. नुसत्या गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते.

लसीला टाळाटाळ नको. पहिली सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. रक्ताचे जुलाब लावणाऱ्या पार्वोचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. आधीचं पिल्लू त्याने गेलं असेल, तर त्याच अंगणात बिनलसीचं दुसरं सोडू नका. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पाथरीहून तासाभराची वाट. फोटो काढायला वेळ मिळतो, तर या वाटेलाही मिळाला पाहिजे.

पिल्लाच्या या काळजीचा धागा थेट साईबाबांपर्यंत जातो. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या जन्मस्थानावरून वाद पेटला, शिर्डीत बंद झाला, आणि बाबा आपल्याच मातीत जन्मले हा हक्क पाथरीने ठासून मांडला. त्याच साईबाबांची एक गोष्ट साईसच्चरितात आहे. लक्ष्मीबाई शिंदे यांनी बाबांसाठी घाईने भाकरी करून आणली आणि बाबांनी ती कुत्र्यापुढे ठेवली. त्या रुसल्या, तेव्हा बाबांनी समजावलं की त्याची भूक आणि माझी भूक एकच.

पाथरीकरांनो, तो हक्क कागदपत्रांनी सांगा, सभांत सांगा. आणि दारातल्या पिल्लासाठी सावलीत पाणी ठेवूनही सांगा.