तिसरा मजला, लिफ्ट नाही

भाड्याचे घर पाहत हिंडणे हा पुण्यातला एक व्यायामप्रकार आहे. त्याला गणवेश नसतो आणि त्याची फी एजंट घेतो. सोसायटी पुनर्विकासाला गेली की पन्नाशी उलटलेला गृहस्थ या प्रकाराकडे वळतो. नेमक्या त्याच सुमारास डॉक्टरांनी त्याला कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणायला सांगितलेले असते, त्यामुळे दोन्ही कामे बुटांच्या एकाच जोडीत उरकतात. येथे वर्णिलेला गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक यांच्या कंबरेचे माप सारखेच भरते. तो योगायोग समजावा.

गृहस्थाची पूर्वतयारी पर्वतीवर झालेली असते. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. वरचे देवदेवेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले आणि १७६१ मध्ये ते वारले तेही पर्वतीवरच. परंतु पहाटे येणाऱ्यांना इतिहासाशी कर्तव्य नसते. त्यांच्या लेखी पर्वती हे स्थळ नसून एकक आहे. ‘आज किती झाल्या?’ ‘पाच.’ पाच म्हणजे ५१५ पायऱ्या, आणि त्या चढण्यापेक्षा सांगण्यातच घाम अधिक जातो. या मंडळींचे पोटभेद पुष्कळ. काही शेवटच्या पायरीला हात लावून, लंगडीत गडी बाद केल्यासारखे, तसेच मागे फिरतात. काही गुडघ्यांना बरे म्हणून उलटे उतरतात आणि सुलट चढणाऱ्यांच्या अंगावर येतात. काही एकदाच चढून कठड्यावर बसतात व उरलेल्यांना श्वास कसा घ्यावा ते शिकवतात. चौथा पोटभेद दीड पर्वतीला दोन म्हणणाऱ्यांचा. गृहस्थ त्यातला. त्याच्या मनगटावरचे घड्याळ रोज दहा हजार पावले मागते. हा आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे नावच मुळी ‘दहा हजार पावलांचे मापक’ या अर्थाचे होते. ही माहिती गृहस्थ सर्वांना आवर्जून देतो, मात्र घड्याळ सहा हजारांवर अडले त्या दिवशी. दहा हजार भरले की त्याला जपान आठवत नाही.

अशा पूर्वतयारीमुळे ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडे कमी’ ही जाहिरात त्याला स्वतःसाठीच लिहिल्यासारखी वाटते. ‘लिफ्टचं काय घेऊन बसलात, आम्ही पर्वतीवाले,’ असे तो फोनवर सांगून टाकतो. तीन मजले म्हणजे साठेक पायऱ्या, पुरती एक पर्वतीही नाही. तरीही तिसऱ्या मजल्यावर त्याची जी अवस्था होते ती पर्वतीवर कधी झालेली नसते. पर्वतीच्या पायऱ्या ऐसपैस, तर जुन्या इमारतीचा जिना उभा, हे कारण तो सांगतो. खरे कारण निराळे. पर्वतीवर थांबले तर त्याला शहर न्याहाळणे म्हणतात. जिन्याच्या वळणावर न्याहाळायला विजेचे मीटर असतात, आणि मागे एजंट.

म्हणून थांबण्यासाठी प्रश्न काढावे लागतात. पहिल्या वळणावर ‘पाणी किती वेळ असतं?’ दुसऱ्यावर ‘पार्किंग झाकलेलं आहे का?’ प्रश्न छोटा आणि उत्तर लांब, असा हिशेब. एकदा बुटाची नाडीही बांधून झाली. बूट बिननाडीचे होते. एजंटांना हे सारे ठाऊक असते. डिपॉझिटचा आकडा ते दारातच, कुलूप उघडता उघडता सांगतात. त्या क्षणी गृहस्थाला बोलता येत नाही, फक्त मान हलवता येते.

कराराची मुदत ११ महिने. वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या कायद्याने नोंदणी लागे, ती चुकवण्यासाठी ही प्रथा पडली. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या करारांचीही नोंदणी सक्तीची केली, तरी ११ चे १२ झाले नाहीत. गृहस्थाने जिमची फीदेखील वर्षाची भरली होती व हजेरी ११ दिवस लावली होती. पण त्याला प्रथा म्हणत नाहीत.

भाडे सांगण्याआधी फोनवर आडनाव विचारतात. मग जेवणात काय काय असते, ते. उत्तर पसंत पडले नाही तर घर कालच गेलेले असते, आणि त्याची जाहिरात पुढे महिनाभर तशीच राहते. यावर गृहस्थाला अद्याप विनोद सुचलेला नाही.

सहाव्या घराच्या वेळी मातोश्री म्हणाल्या, ‘ओटा मी बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस.’ वय ७८, उजवा गुडघा दुखरा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हा फिजिओथेरपीतला नियम त्यांना कोणी शिकवलेला नाही. पायरी चढता-उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, हेही त्यांना कोणी सांगितलेले नाही. जुन्या घराचे दोन मजले त्या ४० वर्षे चढल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, कधी काखेला गृहस्थ. त्या किती पर्वत्या भरल्या, ते कोणी मोजले नाही.

कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या चढू लागल्या. मागे गृहस्थ, हातात पाण्याची बाटली, अर्थात त्यांच्यासाठी. दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, ‘पी थोडं.’

वर पोचल्यावर त्यांनी ओट्याची उंची हाताने पाहिली, खिडकी उघडून ऊन कुठवर येते ते पाहिले आणि घर चांगले असल्याचा निर्वाळा दिला. गृहस्थाला बोलता येऊ लागल्यावर तो एजंटाला म्हणाला, ‘घर उत्तम आहे हो, पण आईच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट हवीच.’ एजंटाने मातोश्रींकडे पाहिले. त्या दोन-तीन मिनिटे आधीच पोचून खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिले.

‘हो ना,’ त्या म्हणाल्या, ‘माझ्यामुळेच अडतंय सगळं.’

लिफ्टचे घर पुढच्या महिन्यात मिळाले. भाडे चार हजारांनी जास्त. ते पहिल्या मजल्यावर आहे.