चौदा विरुद्ध आठ

२० जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट मंडळाने आपल्या अध्यक्षांना घरी पाठवलं. काढा म्हणणारी मतं चौदा, ठेवा म्हणणारी आठ. त्या चौदांतलं एक मत राज्याच्या नव्या गव्हर्नरचं होतं. नाव रोनाल्ड रेगन. शपथ घेऊन त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते. विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधला गोंधळ निस्तरण्याचं आश्वासन ते प्रचारात सभेसभेत देत आले होते, आणि तिथल्या कायद्याने गव्हर्नर हा विद्यापीठाच्या मंडळाचा पदसिद्ध सदस्य. म्हणजे फिर्यादीही तेच आणि पंचांतही तेच. अध्यक्षांना राजीनामा द्यायला सुचवलं गेलं. त्यांनी दिला नाही. मग त्यांना काढलं, तेही त्याच दिवसापासून.

या माणसाचं नाव क्लार्क कर. आपल्या मराठी घरांतली मुलं एमएस करायला सॅन डिएगोला जातात, अर्व्हाइनला जातात. आईवडील पदवीदानाला जाऊन फोटो काढून येतात. ते दोन्ही कॅम्पस आणि तिसरा सांता क्रूझचा, हे कर यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. एवढ्यासाठी तरी हे नाव आपल्याला ठाऊक असायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. कर यांच्या हातून चूक झाली होती. पण त्यांना काढलं ते त्या चुकीसाठी नाही. काढलं ते त्यांनी जे बरोबर केलं त्यासाठी.

कर यांचा जन्म १९११चा, पेनसिल्व्हेनियातल्या शेतकरी घरातला. त्यांच्या आईने ठरवलं होतं, होणाऱ्या मुलांच्या कॉलेजपुरते पैसे गाठीला जमल्याशिवाय लग्न करायचं नाही. स्वतः तिचं शिक्षण बेताचंच. तिने पैसे साठवले आणि मगच लग्न केलं. पुढे तिच्या मुलाने एका अख्ख्या राज्यातल्या आयांची ती काळजी मिटवायचा प्रयत्न केला, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

बर्कलीतून १९३९ साली त्यांनी अर्थशास्त्रात पीएचडी केली. विषय होता बेकारांनी एकत्र येऊन चालवलेल्या सहकारी संस्था. मग मालक आणि कामगार यांच्या तंट्यांत मध्यस्थी करण्यात नाव कमावलं. १९४९ साली विद्यापीठाने प्राध्यापकांकडून 'आम्ही कम्युनिस्ट नाही' अशी शपथ लिहून मागितली. कर यांनी स्वतः सही केली. पण ज्यांनी केली नाही त्यांना नोकरीवरून काढू नये, यासाठी ते मंडळापुढे भांडले. एकतीस प्राध्यापकांना काढलंच. पुढे न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा गडी आपली खुर्ची धोक्यात घालून बोलतो, हे सहकाऱ्यांनी तेव्हा पाहिलं होतं. १९५२ साली ते बर्कलीचे पहिले चान्सलर झाले आणि १९५८ साली सगळ्या कॅम्पसचे मिळून अध्यक्ष.

त्यांचं सगळ्यात मोठं काम १९६०चं आहे. युद्धानंतर जन्मलेली मुलं आता कॉलेजच्या दारात येणार होती. त्यांना बसवायचं कुठे? कर यांनी पुढाकार घेऊन राज्याचा 'मास्टर प्लॅन' करवून घेतला आणि विधिमंडळाने त्याला कायद्याचं रूप दिलं. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयं, आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. तिथे चांगले गुण मिळवले की विद्यापीठात यायची वाट मोकळी. राज्यातल्या रहिवाशांना शिकवणी शुल्क नाही. एकही मूल जागा नाही म्हणून परत जाणार नाही, हे एखाद्या सरकारने लिहून देणं म्हणजे काय, हे अकरावीच्या प्रवेशयादीत नाव शोधलेल्या प्रत्येकाला कळेल. त्या वर्षी ऑक्टोबरात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कर यांचं चित्र होतं.

आता चूक. १९६४च्या सप्टेंबरात बर्कलीच्या दाराशी, बँक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ रस्त्यांच्या कोपऱ्यावर, विद्यार्थ्यांनी टेबलं मांडून राजकीय पत्रकं वाटायला, वर्गण्या गोळा करायला बंदी झाली. यांतली काही मुलं दक्षिणेत काळ्यांच्या मतदानहक्कासाठी काम करून नुकतीच परतली होती. ती का ऐकतील? १ ऑक्टोबरला जॅक वाइनबर्ग या तरुणाला टेबलावरून उठवून पोलिसांच्या गाडीत बसवलं, तर मुलं गाडीभोवती मांडी घालून बसली. बत्तीस तास गाडी जागची हलली नाही. वक्ते बूट काढून टपावर चढत होते आणि भाषणं करत होते. त्या काळी विद्यापीठाची नोंदणी पंचकार्डांवर होई आणि कार्डावर 'दुमडू नका, चुरगाळू नका' असं छापलेलं असे. मुलांनी तीच सूचना स्वतःच्या छातीवर लावली.

कर यांना इशारा कळायला हवा होता. अनेक भागांच्या अवाढव्य विद्यापीठाला १९६३च्या हार्वर्डच्या व्याख्यानांत त्यांनीच 'मल्टिव्हर्सिटी' असं नाव दिलं होतं, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांकडे तिथे दुर्लक्ष होतं हेही सांगितलं होतं. आयुष्यभर दोन बाजूंना एका टेबलावर बसवणाऱ्या माणसाने आपल्याच मुलांची टेबलं उचलली जात असताना वेळेवर 'थांबा' म्हटलं नाही. डिसेंबरात स्प्राउल हॉलमधल्या ठिय्यातून आठशेच्या आसपास जणांना अटक झाली. ७ डिसेंबरला ग्रीक थिएटरमध्ये हजारो लोकांसमोर कर यांनी समेटाचं भाषण केलं. ते संपताच विद्यार्थी नेता मारिओ सॅव्हिओ माईककडे गेला आणि पोलिसांनी त्याला सगळ्यांदेखत ओढत मंचामागे नेलं. समेट तिथेच मोडला. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या भाषणस्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. ही चूक मी झाकणार नाही. अध्यक्षाने ऐकायला उशीर केला.

पण रेगन आणि मंडळातल्या त्यांच्या साथीदारांची तक्रार नेमकी उलटी होती. कर यांनी मुलांना पुरेसं झोडपलं नाही, अशी. कम्युनिस्ट वक्त्यांवरची बंदी त्यांनी उठवायला लावली होती आणि सक्तीचं लष्करी शिक्षण ऐच्छिक झालं होतं. रेगन यांना अर्थसंकल्पात दहा टक्के कपात हवी होती आणि विद्यार्थ्यांकडून शुल्क हवं होतं. कर दोन्हींच्या आड येत होते.

शिवाय पडद्यामागे एफबीआय होती. १९५९च्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत निबंधाला एक विषय आला होता: गुप्तपणे चालणाऱ्या आणि टीकेची पर्वा न करणाऱ्या एफबीआयसारख्या राष्ट्रीय पोलीस यंत्रणेपासून लोकशाहीला कोणते धोके आहेत? सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना दिलेला एक निबंध. तो एफबीआयप्रमुख जे. एडगर हूवर यांना झोंबला आणि विद्यापीठाच्या मागे चौकशी लागली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन कर यांना केंद्रात मंत्री करण्याचा विचार करत होते, तेव्हा एफबीआयने पाठवलेल्या अहवालात खोटे ठरलेले आरोपही घातले होते. मंत्रिपद हुकलं. मंडळातले कर यांचे विरोधक, तेलसम्राट एडविन पॉली यांना एफबीआय आतून माहिती पुरवत होती. हे सगळं जगासमोर सविस्तर आलं २००२ साली, पत्रकार सेथ रोझेनफेल्ड यांनी कित्येक वर्षं कोर्टात झगडून मिळवलेल्या कागदपत्रांतून. कर तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, १ डिसेंबर २००३ला, ते गेले.

खुर्ची गेल्यावर त्यांनी उच्च शिक्षणावरच्या कार्नेगी आयोगाचं काम हाती घेतलं आणि सरकारने गरजू विद्यार्थ्याच्या हातात थेट अनुदान द्यावं, हा आग्रह धरला. अमेरिकेत आज लाखो मुलं ज्या पेल अनुदानावर शिकतात, त्यामागे या आयोगाच्या शिफारशींचा वाटा आहे. काढून टाकलेल्या माणसाने एवढं केलं. ठेवला असता तर?

शुल्काचं पुढे काय झालं तेही ऐका. कर यांना काढल्यावर तीनेक वर्षांतच 'शैक्षणिक शुल्क' आलं. आज कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत मिळते, पण मदतीच्या निकषात न बसणाऱ्या मधल्या घरातल्या कॅलिफोर्नियाच्याच मुलाला वर्षाला चौदा हजार डॉलरहून जास्त भरावे लागतात, राहणं-खाणं वेगळं.

आपल्याकडे नवा कुलगुरू आला की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, कोणाचा माणूस? वाचकांना माझी विनंती आहे, पुढच्या वेळी तो विचारू नका. किती मुलांना दारातून परत पाठवलं, फी किती वाढवली, वसतिगृहात खोल्या किती बांधल्या आणि मोर्चा आला तेव्हा हे स्वतः खाली उतरून भेटले का, एवढं विचारा. आणि उत्तरं चांगली असतील, तर त्या कुलगुरूला काढायची वेळ येईल तेव्हा आठ जणांच्या बाजूला उभे राहा.