तेवीस हजार, फक्त

माझ्या मेव्हण्याला शेअर बाजारातलं आणि जुन्या गाड्यांतलं कळतं. शेअर बाजारातलं किती कळतं ते आमचं घर सोसून बसलंय. त्यामुळे या खेपेला तो गाड्यांकडे वळला तेव्हा मला हायसंच वाटलं.

"भावोजी, जर्मन गाडी. २००७ची. पेट्रोल, ऑटोमॅटिक, लेदर सीट, सिंगल ओनर. आणि चाललीय किती? तेवीस हजार! अठरा-एकोणीस वर्षांत फक्त तेवीस हजार!"

किंमत नव्या वॅगन आरपेक्षाही कमी होती. कंपनीचं नाव मी सांगत नाही. पुढे जे झालं त्यात वयाचा दोष जास्त होता, आणि वय कुणाचंही काढू नये असं मला अलीकडे वाटू लागलंय.

गाडी ट्रॉम्बेला होती. मुलुंडहून निघालो. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर देवनारच्या कचऱ्याचा डोंगर आला की लोक काचा वर करून एसी लावतात. आमचा एसी दोन उन्हाळे बंद आहे, म्हणून काचा वर करून नुसतेच बसलो. मानखुर्दला सिग्नल हिरवा होता, पण हिरव्याचं कुणालाच काही पडलेलं नव्हतं. एक डंपर आडवा, त्याच्या पोटाशी रिक्षा, रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून फोनवर बोलतोय. या रस्त्यावर जर्मन गाडी घेऊन आपण नक्की काय करणार, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. पण मेव्हणा तेव्हा डंपरवाल्याचा उद्धार करण्यात गुंतला होता. ट्रॉम्बेची प्रेक्षणीय स्थळं म्हणजे वीजकेंद्राची चिमणी, हिरवी टेकडी आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची लांबच लांब भिंत. पाहून झाली.

गाडीचे मालक काका खाली पार्किंगमध्ये उभेच होते. निवृत्त शास्त्रज्ञ, शर्ट खोचलेला, खिशाला पेन. गाडीवरचं कापड काढून त्यांनी त्याची चादरीसारखी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. खाली काळीभोर गाडी अशी चमकत होती की माझं पोट मलाच दिसलं.

गाड्यांबद्दल मला एकच प्रश्न विचारता येतो. तो मी विचारला. "अ‍ॅव्हरेज किती देते?"

"कशाचं?" काका म्हणाले. "शहरातलं, हायवेचं, की आजपर्यंतचं एकूण?"

मी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा टायरपाशी उकिडवा बसून मोबाइलच्या उजेडात काहीतरी शोधत होता. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हे गुपित फक्त आपल्यालाच ठाऊक आहे अशी त्याची समजूत आहे.

"४८०६," काका उभ्याउभ्याच म्हणाले. "२००६ सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. टायर मूळचे आहेत."

त्यांच्या स्वरात अभिमान होता. टायरची नक्षी खरोखरच नवीकोरी होती. मी रबरावर नख दाबून पाहिलं, तर नखच दुमडलं.

कागदपत्रं तर पाहत राहावी अशी. एमएच-०३चं पासिंग मार्च २००७चं. पंधरा वर्षं भरली तेव्हा काकांनी मार्च २०२२ मध्येच फेरनोंदणी उरकली, कारण १ एप्रिलपासून तिची फी ६०० रुपयांवरून ५,००० होणार होती. ४,४०० रुपये वाचवल्याची ही हकीकत त्यांनी आम्हाला पावतीसकट सांगितली. मेव्हण्याने माझ्या कानात विचारलं, "मीटर पाडलेलं नसेल ना?" मी म्हटलं, या माणसाने कॅलेंडरचं पानसुद्धा वेळेआधी फाडलेलं नसेल.

मग टेस्ट ड्राइव्ह. मेव्हणा चालवायला, मी शेजारी, काका मागे एक जाडजूड वही मांडीवर घेऊन. "रस्ता संपेपर्यंत जाऊन येऊ," मेव्हणा ऐटीत म्हणाला. मुंबईत हे म्हणायला हरकत नसते, कारण रस्ते सहसा संपत नाहीत. ट्रॉम्बेत संपतो. चिता कॅम्प मागे पडला. (१९७६ साली, आणीबाणीत, अणुऊर्जा खात्याला जागा हवी म्हणून जनता कॉलनीतल्या हजारो माणसांना उठवून इथल्या दलदलीत आणून टाकलं होतं. आज तिथे पाय ठेवायला जागा नाही.) पुढे कोळीवाडा, गल्ली अरुंद, समोर खाडी. मेव्हण्याने गाडी वळवायला घेतली आणि ती गल्लीत आडवी असतानाच मागून आवाज आला: फुस्स.

गाडी मागून बसली. मग डावीकडून पुढे बसली. मग विचार करून उजवीकडूनही बसली. उंटावरून उतरताना जसं होतं त्याच्या उलट, तिघंही आधी मागे आणि मग पुढे कललो. दार उघडलं तर ते कुणाच्या तरी पायरीला अडलं. माझे गुडघे एरवीही खालून वर यायला खळखळ करतात. इथे तर जमीन बुडाशीच आली होती.

डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण समोर उभी राहिली. "ए शेट, गाडी काढ ना बाजूला! माझा बरफ वितळतोय."

"मावशी, बसलीय ती," मेव्हणा काकुळतीने म्हणाला.

"तं उठव की!"

चिता कॅम्पातून मेकॅनिक आला. त्याने खाली डोकावून एका वाक्यात निदान केलं: "फुगे गेले." या गाडीला स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात, कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. गाडी धावो वा उभी राहो, रबराचं वय वाढायचं थांबत नाही. त्याला भेगा पडतात. चारही फुगे आणि कॉम्प्रेसर बदलायचा तर तेवढ्यात जुनी वॅगन आर येईल, असं तो म्हणाला. माझ्या आयुष्यात सगळे हिशेब वॅगन आरमध्येच का होतात कोण जाणे.

तो खाली खटपट करत असताना मी काकांची वही चाळली. तारीख, मीटर, कुठे गेलो, चारही टायरांतली हवा. सुरुवातीला 'लोणावळा', 'शिर्डी', 'पुणे, मुंज'. पुढे एक पान सोमवार, बुधवार, शुक्रवार. 'चेंबूर, डायलिसिस. १२ किमी.' उलटलं तरी तेच. सोमवार, बुधवार, शुक्रवार, त्याच निळ्या शाईत, सात वर्षं. मग एका शुक्रवारनंतर पुढच्या सगळ्या रविवारी एकच नोंद: 'सुरू केली. १५ मि. बंद.' किलोमीटरच्या रकान्यात शून्य.

"इतक्या छोट्या फेऱ्या इंजिनाला वाईट," काका मागून म्हणाले. "धड तापतच नाही. मला ठाऊक होतं. पण टॅक्सीत तिला मळमळायचं."

मी वही मिटली. अ‍ॅव्हरेज विचारलं नाही.

मेकॅनिकने कुठेतरी पट्टी बांधून हवा भरली. "वीस मिनटं टिकेल. तेवढ्यात घर गाठा." कोळणीने वाट दिली, पोरांनी टाळ्या दिल्या. खड्डा दिसला की मेव्हणा श्वास रोखून धरी. मागून काकांचं सुरू होतं: "अप्सरा अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, २००९पर्यंत चालली. का? वेळच्या वेळी देखभाल." पार्किंगमध्ये शिरलो आणि गाडी पुन्हा बसली, पण आपल्या जागेवर.

मेव्हणा भावात घासाघीस करायला सरसावला. काकांनी त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "तुमच्या आत्ताच्या गाडीच्या टायरमध्ये हवा किती आहे?"

"पुरेशी," मी म्हटलं.

"तुम्हाला देत नाही," काका म्हणाले, जराही न रागावता. मग बॉनेटवर वही ठेवून त्यांनी आजची नोंद लिहिली. आम्हाला दिसेल अशी, सुवाच्य: 'कोळीवाडा. ४ किमी. फुगे निकामी. घेणारे उत्साही, ज्ञान कमी.'

"काका," मेव्हणा दुखावून म्हणाला, "ज्ञान नक्की कुणाचं कमी?"

"अ‍ॅव्हरेज काढलंय," काका म्हणाले.