फिरंगाबाईंचं माहेर

लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासाआधी 'आमचं मूळ घराणं' सुरू करणारी मंडळी असतात, त्याच जातकुळीच्या आपल्या फिरंगाबाई. वाड्यातून फ्लॅटमध्ये आल्या आणि सोफ्याच्या वर दोन खिळ्यांवर आडव्या झाल्या. पातं युरोपातून बंदरावर उतरलेलं, सरळ नि लांब, मूठ दख्खनची, आणि दोघांचा संसार जोडलेला लाखेनं. त्यामुळे बाई पाहुणा बघून बोलतात. परदेशवारी केलेला दिसला की "आमचं माहेर सोलिंगेनचं, जर्मनीतलं", गडकोटप्रेमी दिसला की "आम्ही अस्सल मावळी, हो!" पाहुणा गेला, की गंजाचा ठिपका म्यानात झाकून पुन्हा काळजी सुरू. खंडेनवमीला खाली उतरवून तेलाचा हात फिरवतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. पण शेजारच्या पाटावर मिक्सर आणि स्कूटरची किल्ली त्याच मानानं बसलेली दिसते आणि बाईंचा सण नासतो.

बाईंचं दुखणं एवढंच, की त्यांनी आपली किंमत माहेरच्या दाखल्यावर ठेवली आहे. आणि पात्यांच्या जगात दाखल्याइतकं कच्चं काही नाही. जेनोव्हाच्या पात्यांवरच्या दातेरी चंद्रकोरींना मान होता, म्हणून त्या इतर ठिकाणच्या लोहारांनी, हिंदुस्थानातल्यांनीसुद्धा, बेधडक उठवल्या. पासाऊचा धावता लांडगा सोलिंगेनच्या कारागिरांनी उचलला. आंद्रेआ फेरारा या इटालियन कारागिराचं नाव तर इतक्या पात्यांवर सापडतं, की ती सगळी त्यानंच घडवली म्हणावं तर बिचाऱ्याला जेवायलाही उठता आलं नसतं. ज्या माहेराच्या जोरावर बाई नाक वर करतात, तिथेच शेजाऱ्याचं आडनाव लावायची रीत होती.

कोणी म्हणेल, मग पुराव्याला काही अर्थच नाही का? आहे, पण तो इतिहास लिहिणाऱ्याला हवा, स्वतःची लाज राखायला नव्हे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं २०२४ साली साताऱ्यातल्या प्रदर्शनासाठी वाघनखं दिली. ती शिवरायांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, हेही त्यांनी उघड सांगितलं. त्यानं संग्रहालयाची पत गेली नाही. दुसरा आक्षेप असा, की जी आता भाजीसुद्धा चिरत नाही ती तलवार कसली? पण बाईंची कर्तबगारी नुसत्या धारेत कधीच नव्हती, ती जोडात होती. परक्या पात्याला इथल्या लोहारानं इथल्या पंजाला बसणारी मूठ दिली, बोटं राखायला रुंद परज दिली, दोन्ही हातांनी घाव घालता यावा म्हणून मागे गज दिला. परकेपण कोणी लपवलंही नाही. सरळ 'फिरंग' असं नाव ठेवलं आणि कमरेला लावलं. माहेर विचारलं ते बाईंनीच, मागाहून. १९७२ चा पुरावस्तू कायदासुद्धा शंभर वर्षं भरली आहेत का, एवढंच बघतो. गाव कुठलं, हे विचारत नाही.