भरपूर पाणी प्या, आणि पुढे?

एप्रिल लागला की सरकारला आपली तब्येत आठवते. मोबाइलवर संदेश येतो, पालिकेच्या भिंतीवर फलक झळकतो: दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, भरपूर पाणी प्या. सल्ला अगदी खरा आहे. फक्त ज्या माणसाला तो दिलाय, तसा माणूस उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात कुणाला आढळल्यास कृपया कळवावे.

आधी उन्हाचं बघू. टीव्हीवर ‘मुंबईचं तापमान ३४’ म्हणतात ते कुलाबा आणि सांताक्रूझचं. तिथे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि पारा मुकाट खाली बसतो. तो वारा आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा दिवेलागण झालेली असते, आणि गारवा वाटेत ठाण्याला उतरवून नुसता दमटपणा घेऊन साहेब बदलापूरला येतात. दिवसभर पूर्वेकडून जमिनीवरचा तापलेला वारा, एका अंगाला मलंगगडाची रांग, समोर सह्याद्री. बदलापूरने बेचाळिशी ओलांडल्याच्या बातम्या आता कुणी दोनदा वाचत नाही. गंमत म्हणजे हवामान खात्याच्या हिशोबात आमचा ठाणे जिल्हा किनारपट्टीवरचा. या किनाऱ्यावरून समुद्र बघायचा तर आधी सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर लोकलने जायचं.

आता ‘घराबाहेर पडू नका’. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसलेल्या माणसाला हे सांगून बघा. उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारागीर घराबाहेर नसतातच. ते माळ्यावर असतात, डोक्यावर पत्रा, समोर वाफेची इस्त्री. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतही भट्टीशेजारचा कामगार सावलीतच असतो. उन्हाचा त्रास व्हायला ऊन अंगावर पडावं लागत नाही. शरीर स्वतःला गार करतं ते घाम वाळवून. हवा दमट असली, वारा नसला की घाम वाळत नाही, नुसता गळतो. त्याबरोबर पाणी जातं, मीठ जातं, पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं ठणकतं, मळमळतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. एवढं होऊनही आमचा माणूस म्हणतो, ‘पित्त झालंय.’ आणि चहा घेतो.

तिसरा सल्ला सर्वांत सोपा: भरपूर पाणी. उल्हासनगर हे नदीचं नाव लावणारं शहर. स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही, पाणी एमआयडीसीकडून विकत. अंबरनाथ-बदलापूरचा नळ जीवन प्राधिकरणाच्या मर्जीने येतो आणि उन्हाळ्यात तो पाहुण्यासारखा वागतो: येतो म्हणतो, उशिरा येतो, लगेच निघतो. हीच उल्हास नदी जुलैत मात्र न बोलावता घरात शिरते. २०१९ च्या २७ जुलैला तिने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकवून ठेवली होती, एनडीआरएफच्या बोटी आणाव्या लागल्या. शिवाय रेल्वेचं बाटलीतलं पाणी, ‘रेल नीर’, भरण्याचा कारखाना आहे कुठे? अंबरनाथला. आमच्या गावात भरलेली बाटली आम्हीच फलाटावर १४ रुपयांना घ्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीच्या निमित्ताने ती एक रुपयाने उतरून १४ वर आली, त्या दिवशी आम्हाला कोण गारवा वाटला म्हणून सांगू.

बरं, घेतली बाटली. प्यायली भरपूर. आणि पुढे?

हा प्रश्न पुरुषांना कळत नाही, कारण त्यांनी रेल्वेची हद्दीची भिंत हे त्याचं उत्तर परस्पर ठरवून टाकलंय. बदलापूरहून सीएसएमटी म्हणजे दीड तासाच्या आसपासचा प्रवास, आणि लोकलला स्वच्छतागृह नसतं. बायकांच्या डब्यात रोज येणाऱ्या कुणालाही विचारा, सकाळचं गणित तोंडपाठ असतं. चहा अर्धा कप. पाणी घोटभर, ओठ ओले होण्यापुरतं. ऑफिसात पोचून जाऊन आल्यावर मग काय ते प्यायचं, आणि परतीची गाडी धरायच्या तासभर आधी पुन्हा बंद. भाजीवाल्या, सफाईवाल्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगारी बायका, यांना तर ‘ऑफिसात पोचून’ हेही नाही. ताई, पाणी कमी पिताय, लघवीला जळजळ होणारच, मुतखडा होईल, असं डॉक्टर दर उन्हाळ्यात बजावतात. ताईला ते डॉक्टरांच्या आधीपासून माहीत असतं. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवली, तिची मूळ तक्रार एवढीच की मुतारी पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे मोजून. तेही कुलूप उघडं असेल तर.

शरीरात पाणी कमी झालंय का, हे ओळखायची एक सोपी खूण सांगतात. लघवीचा रंग बघा: फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर पाणी वाढवा. खूण चांगली आहे. रंग बघायला आधी जागा पाहिजे, एवढीच अडचण.

नुसतं पाणीही पुरत नाही म्हणा. घामातून मीठ गेलेलं असतं, ते परत घालावं लागतं. त्यासाठी ओआरएसची पुडी: साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. निम्मी पुडी एका पेल्यात कालवून बाकीची डब्यात गुंडाळून ठेवणाऱ्या काटकसरी माणसांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीची साथ आली आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. उल्हासनगरला ही गोष्ट सांगायला हवी, तेही १९४९ मध्ये लष्करी छावणीत निर्वासितांचंच वसलेलं शहर. तिथल्या सिंधी घरातली बदाम-खसखशीची ठादल मिळाली तर मी नाही म्हणत नाही, पण चक्कर आलेल्या माणसाला ती पाजू नका, तिथे मीठ-साखरच हवी. रोजच्यासाठी ताक, पन्हं, कोकम सरबत, ताडगोळे झकास.

दुकानात मात्र जपून. कित्येक वर्षं गोड सरबताच्या खोक्यावर ओआरएस ही अक्षरं ठळक छापून विकत होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं त्याविरुद्ध भांडत राहिल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती अक्षरं काढायला लावली. जुलाब झालेल्या पोराला आपण औषध म्हणून साखरपाणी पाजत होतो, हे सरकारच्या लक्षात यायला एवढा वेळ लागला.

तसा सरकारला वेळ लागतोच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. मंचावर छत होतं. समोर लाखो माणसं भर दुपारपर्यंत उघड्यावर बसली होती. त्यांतली १४ उष्माघाताने गेली. त्यानंतर, उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं जाहीर झालं. एप्रिल महिन्यात दुपारी ऊन असतं, ही माहिती मंत्रालयात पोचायला चौदा माणसं लागली.

तेव्हा सरकारची वाट न बघता लोकलच्या डब्यातल्या मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं. शेजारचा माणूस घामाघूम होऊन लटपटायला लागला, तर त्याला बसवा किंवा आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, वारा घाला, मान आणि काखा ओल्या कापडाने पुसा, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. कांदा हुंगवू नका. आणि तो असंबद्ध बरळायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर ते नुसतं थकणं राहिलेलं नाही. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो उष्माघात, मग अंगाला घाम असो वा नसो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, अंगावर भरपूर ओतायचं, आणि १०८ ला फोन करायचा. व्हिडिओ काढणाऱ्यांनी बाजूला सरकावं, वारा अडतो.

राहिली पाणपोई. आमच्याकडे पाणपोईचं उद्घाटन दणक्यात होतं, आठवड्याने माठ कोरडा पडतो, आणि भाऊंचा हात जोडलेला फ्लेक्स तेवढा राहतो. झाडं रस्तारुंदीत गेल्यापासून स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत त्याचीच एक सावली. म्हणून भाऊ, एक विनंती. यंदा फ्लेक्स अजून मोठा करा, वाढदिवस नसला तरी लावा, शुभेच्छुकांचे फोटो हवे तेवढे टाका. फक्त जून संपेपर्यंत काढू नका, आणि जमलं तर त्याच्यामागे बायकांसाठी एक संडास बांधा. फोटो त्याच्यावरही लावा, आम्ही काही म्हणणार नाही.